संक्रांत, मास्क आणि बागायती रुमाल

प्रेषक: सचिव
दिनांक: १२ डिसेंबर २०२१
विषय: संक्रांतीचा कार्यक्रम आणि मास्क

इंग्लंडमधल्या आपल्या खान्देशी मंडळाच्या सर्व सभासदांस नमस्कार.

कोरोनामुळे दुकानं आणि बस-रेल्वेत मास्क ३० नोव्हेंबरपासून पुन्हा सक्तीचा झालाच होता. परवा शुक्रवारपासून इंग्लंडमध्ये नाट्यगृहं, सिनेमागृहं, प्रार्थनास्थळं अशा बंदिस्त जागांनाही तो लागू झाला. हॉलवाल्यांनीही आपल्याला तसंच कळवलंय. तेव्हा १५ जानेवारीच्या तिळगूळ समारंभाला मास्क लावूनच या. जेवताना काढायला हरकत नाही.

भरताची वांगी किती घ्यायची ते ठरवायचंय, म्हणून घरटी माणसांचा आकडा कळवा. मास्कवर चर्चा नको, वांग्यांवर करा.

---

प्रेषक: आप्पा (भुसावळवाले)
दिनांक: १२ डिसेंबर २०२१, रात्री
विषय: उत्तर: संक्रांतीचा कार्यक्रम आणि मास्क

सचिवसाहेब,

चर्चा नको म्हणालात म्हणूनच लिहितोय.

मी रेल्वे कॉलनीत वाढलो. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं. शिस्तीचं मला वावडं नाही. पण फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेचे सर्जन जनरल लोकांना सांगत होते की मास्क विकत घेऊ नका, सामान्य माणसाला त्याचा उपयोग नाही. ३ एप्रिलला त्याच देशाची सीडीसी, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसंस्था, म्हणाली, घरच्या कापडाचा का होईना, पण बांधा. जागतिक आरोग्य संघटनेला सर्वसामान्यांसाठी तसं सुचवायला ५ जून उजाडला. तज्ज्ञांचं मत बदलतं, मान्य. पण मत त्यांचं बदलतं आणि पावती आपल्या नावाने फाटते, त्याचं काय?

आणि पावती कुठल्या कायद्याखाली? मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने साथरोगासाठी बाहेर काढला तो १८९७ चा कायदा. प्लेगच्या वेळचा. त्याच वर्षी २२ जूनला पुण्यात रँडवर गोळ्या का झाडल्या गेल्या, हे मंडळात कुणाला सांगायला नको. सॅन फ्रान्सिस्कोतही १९१९ च्या जानेवारीत लोकांनी मास्कविरोधी लीग काढली होती. म्हणजे हे काही माझ्या एकट्याच्या डोक्यातलं खूळ नाही.

एप्रिल २०२१ पासून रेल्वेच्या हद्दीत विनामास्क दिसलं की ५०० रुपयांपर्यंत दंड. माझ्या साडूंना भुसावळच्या फलाटावर पकडलं. फलाट रिकामा, गाडी दोन तास लेट, बाकावर ते एकटे. कोणाला लागण होणार होती? बाकाला?

माझे तिन्ही डोस झालेत. ज्याला लावायचा त्याने लावावा. सक्ती असेल तर मी येणार नाही. वांग्यांच्या हिशेबातून एक माणूस वजा करा.

— आप्पा

---

प्रेषक: जिभाऊ (मुक्काम अमळनेर)
दिनांक: १४ डिसेंबर २०२१
विषय: उत्तर: संक्रांतीचा कार्यक्रम आणि मास्क

आप्पा, सचिव आणि समस्त मंडळी, रामराम.

पुतणीच्या लग्नाला आलोय. थंडी मस्त पडलीय, बाजारात भरताच्या वांग्यांचे ढीग लागलेत आणि रोज कुणाच्या ना कुणाच्या शेतात भरीत पार्टी. रात्री शेकोटीपाशी धूर इतका असतो की मास्क लावला काय नि न लावला काय. असो. विषय निघालाच आहे तर परवाच्या लग्नातला प्रसंग सांगतो.

२७ नोव्हेंबरला महाराष्ट्राचा नवा आदेश निघाला. विनामास्क माणसाला ५०० रुपये दंड आणि ज्या आस्थापनेत तो सापडेल तिला १० हजार. त्यात एक ओळ अशी आहे की रुमाल हा मास्क समजला जाणार नाही, रुमाल बांधणाराही दंडाला पात्र. मुंबईत बसून ही ओळ लिहिणाऱ्याने खान्देशातला मे महिना पाहिलेला नसावा. इथे बागायती रुमाल म्हणजे माणसाचं दुसरं कातडं. पंचेचाळीसच्या उन्हात तोच डोक्याला आणि तोंडाला. बाजारात त्याच्यातच मेथी बांधायची, बांधावर तोच अंथरून लवंडायचं. जिनिंगवर कापसाचा फुफाटा नाकात जाऊ नये म्हणून बाया कपडा बांधूनच कामाला लागतात. कॉलेजच्या पोरी स्कूटीवर निघाल्या की स्कार्फातून फक्त डोळे. तोंड झाकायला या मुलखाला कोणी शिकवायची गरज नव्हती. आणि १४ एप्रिल २०२० ला खुद्द पंतप्रधान तोंडाला गमछा लावूनच टीव्हीवर आले होते.

तर मंगल कार्यालयाच्या मालकाने १० हजारांच्या धास्तीने दारात एक पोरगा उभा केला. हातात मास्कचा खोका. पारोळ्याकडून आमचे एक म्हातारे काका आले, तोंडाला रुमाल अगदी चोख, नाक-बिक सगळं झाकलेलं. पोरगा म्हणतो, "बाबा, हाऊ रुमाल नही चाले." काका जागच्या जागी थांबले. "दोन वरीस चालना, आते काय व्हयनं?" पोरग्याकडे उत्तर नव्हतं. मागे रांग, आत बँजो सुरू, काकांचं तोंड लाल. ते परत फिरायच्याच बेतात होते.

तेवढ्यात नवरीचा मामा आला. त्याचं मेडिकल स्टोअर आहे. त्याने काकांना आदेश वगैरे काही सांगितला नाही. खिशातून काडीपेटी काढली, काडी ओढून वीतभर लांब धरली आणि म्हणाला, रुमालातून फुंका. काकांनी फुंकली, काडी विझली. मग खोक्यातला निळा मास्क स्वतःच्या तोंडाला लावून मामाने दुसऱ्या काडीवर दोनदा फुंकर मारली. ज्योत नुसती हलली. मामाने बोट भाजून घेतलं ते वेगळं. काकांनी काही न बोलता मास्क घेतला, लावला, आणि वरून रुमाल बांधला!

काडीपेटी म्हणजे काही प्रयोगशाळा नव्हे, कळतं मला. पण गोष्ट खरी आहे. सुती रुमालाची वीण विरळ असते. सर्जिकल मास्कचा मधला थर विणलेला नसतोच. तो वितळवून फुंकलेल्या प्लास्टिकच्या बारीक तंतूंचा असतो आणि त्याला विजेचा भार दिलेला असतो, त्यामुळे कण जाताजाता चिकटतात. हा आजार हवेतून पसरतो हे जागतिक आरोग्य संघटनेने या वर्षी एप्रिलअखेर स्पष्ट लिहिलं. ते मान्य केलं की रुमालाची ओळ चुकीची राहत नाही. चूक एवढीच की दंड आधी आला आणि कारण आलंच नाही.

आप्पा, तुमच्या साडूंच्या पावतीबद्दल मी तुमच्या बाजूने आहे. रिकाम्या फलाटावर, शेताच्या रस्त्यावर, एकट्या मोटरसायकलवाल्याला अडवून पावत्या फाडल्या, तिथेच लोकांच्या मनातून मास्क उतरला. गेल्या एप्रिलमध्ये माझा भाऊ असाच पहाटे पाणी भरायला निघाला होता, त्याला चौकात अडवलं. ५०० रुपये गेले. त्याच आठवड्यात एका पुढाऱ्याच्या घरच्या हळदीला शेकडो माणसं, दारं बंद, डीजे सुरू, आणि तिथे पावतीबुक फिरकलं नाही. तेव्हापासून भाऊ मास्क हनुवटीला लावतो. पोलीस दिसला की वर, गेला की खाली. ही सवय त्याला आजाराने नाही लावली, पावतीने लावली.

पण म्हणून सक्तीच नको, हे मला पटत नाही. जिथे हवा कोंडते तिथे सक्ती हवीच. बांगलादेशात ६०० गावांमध्ये मोठा प्रयोग झाला, याच महिन्यात 'सायन्स'मध्ये छापून आलाय. फुकट मास्क दिले, का लावायचा ते समजावलं, गावातल्या मानाच्या माणसांनी आधी स्वतः लावला आणि रस्त्यात विनामास्क दिसला त्याला कोणीतरी हटकलं. दंड नाही. मास्क लावणारे १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले. मोबाइलवर संदेश पाठवून किंवा गावाला बक्षीस लावून आणखी काही फरक पडला नाही, हे मला विशेष वाटलं. जिथे सर्जिकल मास्क वाटले तिथे लक्षणांसह लागण ११ टक्क्यांनी कमी झाली आणि साठीच्या पुढच्यांमध्ये ३५ टक्क्यांनी. कापडी मास्कबद्दल एवढं छातीठोक सांगता आलेलं नाही. आप्पा, तुम्ही आता डेन्मार्कचा अभ्यास पुढे कराल. तो सहा हजार माणसांचा होता आणि मास्कवाल्यांत १.८ टक्के लोकांना लागण झाली, बाकीच्यांत २.१ टक्के, म्हणजे फरक ठरवता येण्याजोगा नव्हता. पण तिथे लावणाऱ्याला काय मिळालं एवढंच मोजलं. त्याच्यामुळे शेजारचा वाचला का, हे मोजलंच नव्हतं.

आपला हॉल छोटा. जानेवारीत खिडक्या बंद. शंभर माणसं, त्यात निम्मी साठीची. दारात चांगले मास्क ठेवा नि हसतमुख माणूस उभा करा, माझं म्हणणं एवढंच.

जेवायला बोलावताहेत. वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. जातो.

— जिभाऊ

---

प्रेषक: माई (धुळेकर)
दिनांक: १४ डिसेंबर २०२१, रात्री उशिरा
विषय: उत्तर: संक्रांतीचा कार्यक्रम आणि मास्क

रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत लिहितेय, थोडक्यात लिहिते.

आप्पा, १८९७ ची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितलीत. लोक पेटले ते सोजीर घरात घुसले, देवघरापर्यंत गेले, बायाबापड्यांच्या तपासण्या केल्या म्हणून. तोंडाला फडकं बांधा म्हणण्याशी त्याची तुलना करू नका. आणि गोष्टच सांगायची तर १९११ ची सांगा. चीनमधल्या मांचुरियात प्लेग होता. डॉ. वू लिएन-तेह सांगत होते की हा श्वासातून पसरतोय, गॉझचा मास्क लावा. मेस्नी नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी त्यांना वेड्यात काढलं आणि हार्बिनच्या इस्पितळात विनामास्क रुग्ण तपासले. थोड्याच दिवसांत ते स्वतः प्लेगने गेले.

तुमच्या तीन डोसांनी तुम्ही सहसा माझ्या वॉर्डात येणार नाही. पण नव्या ओमिक्रॉनची लागण तुम्हाला होऊ शकते आणि तुमच्याकडून शेजारच्या खुर्चीवरच्या आजींना. त्यांची केमो चालू आहे हे तुम्हाला माहीत आहे.

नियमात सवलती आहेत, त्याही सांगते. ज्याला आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे मास्क झेपत नाही त्याला माफ आहे. ओठ वाचून समजून घेणाऱ्या माणसाशी बोलणाऱ्यालाही काढता येतो. त्यासाठी भांडावं लागत नाही, सांगावं लागतं.

— माई

---

प्रेषक: आप्पा (भुसावळवाले)
दिनांक: १५ डिसेंबर २०२१
विषय: उत्तर: संक्रांतीचा कार्यक्रम आणि मास्क

माई,

तुम्ही ती शेवटची ओळ मला उद्देशून लिहिलीत की सहज, ठाऊक नाही. पण लिहितो आता.

दोन वर्षं झाली, मला कानाचं मशीन आहे. दोन्ही कानांना. हिला आणि मुलांना सोडून कुणाला सांगितलेलं नव्हतं. मशीनने आवाज येतो, शब्द येत नाहीत. शब्द मी समोरच्याच्या तोंडावरून पकडतो. गेल्या हिवाळ्यात दुकानात काउंटरवरच्या मुलीने मास्कमधून तीनदा काहीतरी विचारलं, मी तीनदा मान हलवली आणि घरी आलो ते त्यांचं सभासद कार्ड घेऊन. हिला हसू आवरेना. मला नाही आलं. मास्क काढताना कानामागची दोरी मशीनला अडकते. एकदा बसमध्ये पडलं, सीटखाली हात घालून शोधत बसलो.

रिकाम्या फलाटाबद्दल मी बोललो ते खरंच आहे, मागे घेत नाही. तज्ज्ञांबद्दलचंही नाही. पण शंभर माणसांत झाकलेली तोंडं बघत तीन तास बसायचं आणि सगळे हसले की हसायचं, त्यापेक्षा घरी बसलेलं बरं, असं वाटलं होतं.

आजींच्या केमोचं मला माहीत नव्हतं.

— आप्पा

---

प्रेषक: सचिव
दिनांक: १५ डिसेंबर २०२१
विषय: उत्तर: संक्रांतीचा कार्यक्रम आणि मास्क

आप्पा, पहिल्या रांगेत खिडकीजवळची खुर्ची तुमची. खिडकी उघडी राहील, कोट घालून या. मंचावरचा निवेदक मास्कशिवाय बोलेल, तो प्रेक्षकांपासून लांब असतो. उखाणे आणि गाणी कागदावर छापून ठेवतो. बाकी सगळ्यांना मास्क आहेच. दंड इथेही २०० पौंड आहे आणि तो मंडळ भरणार नाही.

वांगी पुन्हा वाढवलीत.

---

प्रेषक: जिभाऊ (मुक्काम अमळनेर)
दिनांक: १६ डिसेंबर २०२१
विषय: उत्तर: संक्रांतीचा कार्यक्रम आणि मास्क

मामाच्या दुकानातून दोन खोके घेतलेत. डोक्यामागे बांधायच्या नाड्यांचे, ऑपरेशनला वापरतात तसले. कानाला लागत नाहीत. तीळ, गूळ आणि कळण्याचं पीठ आधीच बॅगेत आहे, वजन काट्याला लागलंय. बायको म्हणते मास्क काढ. पीठ थोडं कमी करतो.

— जिभाऊ