रात्रीचा भुंकणारा खोकला आणि साबुदाण्याच्या गोळ्या : तुमचे अनुभव लिहा

माझी मुलगी तेव्हा वीस महिन्यांची होती. आम्ही घोडबंदर रोडला, कासारवडवलीत राहायचो. दिवसभर नुसतं नाक गळत होतं. रात्री दीडला ती खोकत उठली आणि क्षणभर मला वाटलं, खाली सोसायटीतला कुत्रा भुंकतोय. रडायला लागली तर आवाज पार बसलेला, आणि श्वास आत घेताना करवतीसारखी घरघर.

आमच्या घरी दोन पिढ्यांची होमिओपॅथी. डबीत अ‍ॅकोनाइट, स्पाँजिया आणि हेपार सल्फ कायम असायचं. क्रूपसाठी, म्हणजे या भुंकणाऱ्या खोकल्याच्या आजारासाठी, ही तीन औषधं बोनिंगहाउसेन या जुन्या होमिओपॅथपासून, म्हणजे १९व्या शतकापासून चालत आलेली. मी दर वीस मिनिटांनी चार गोळ्या देत राहिले. अडीचला हे म्हणाले, "हिचा गळा बघ." गळ्याखालची खळगी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. ट्यूबलाइटच्या उजेडात तिथे नखाएवढी सावली पडायची आणि जायची. तेव्हा निघालो.

डॉक्टरांनी तिला माझ्या मांडीवरून उचललं नाही की घशात चमचा घातला नाही. सूज स्वरयंत्राच्या खाली असते, मूल रडलं की ती वाट आणखी आवळते, म्हणाले. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा एक डोस तोंडाने दिला आणि अ‍ॅड्रिनलिनचं नेब्युलायझेशन केलं. त्याचा परिणाम दोनेक तासांत ओसरू शकतो, म्हणून चार तास बसवून ठेवलं. पहाटे ती माझ्याकडे बिस्किट मागत होती.

तो एक तास मला अजून सलतो. तुमच्याकडे काय झालं? गोळ्यांनी गुण आला असेल तर तेही लिहा. फक्त किती वाजता काय दिलं आणि श्वास कसा होता, हे नक्की लिहा.

ऐरोलीची आजी
मी नातवाचा खोकला डांग्याच समजले होते. पण डांग्याला उबळीवर उबळ येते आणि तो आठवडेच्या आठवडे चालतो. हा तर सर्दीनंतर एका रात्रीत आला. मी पातेल्यात पाणी उकळून वाफ द्यायला बसले होते, सुनेने अडवलं. पुढे डॉक्टरही तेच म्हणाले : वाफेने क्रूप उतरत नाही आणि पातेलं कलंडलं तर लेकरू भाजतं.

कळव्याची एक आई
आमच्या मुलाला रात्री हेपार सल्फ दिलं, सकाळी खेळायला लागला. श्वासाला आवाज नव्हता, नुसता खोकला होता. माझा विश्वास आहे आणि राहील.

वाशीचे बाबा
कळव्याच्या ताई, मीही हेच सगळ्यांना सांगायचो. तीन वेळा स्पाँजिया दिलं, तिन्ही वेळा मुलगा बरा झाला. चौथ्या वेळी बाटली रिकामी निघाली. डिसेंबर होता. त्याला शालीत गुंडाळून बाल्कनीत गार हवेत मांडीवर घेऊन बसलो, अर्ध्या तासात श्वास मोकळा झाला. मग मागचं सगळं आठवून कागदावर मांडलं : दर वेळी मध्यरात्री वाढलेला, सकाळी कमी, तीन रात्रींत संपलेला. गोळ्या दिल्या तेव्हाही आणि नव्हत्या तेव्हाही. विषाणूचा आजार आहे, बहुतेक मुलांत तो असाच येतो आणि जातो. दोनशे पोटेन्सी म्हणजे शंभरपट पातळ करणं दोनशे वेळा. त्यात मूळ पदार्थाचा कणही उरत नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले आणि कुठल्याच आजारावर होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा नाही, असं सांगितलं. वडिलांना हे सांगताना मला फार जड गेलं. त्यांनीच मला या गोळ्यांवर वाढवलं होतं.

खारघरहून, होमिओपॅथी डॉक्टर
मी बीएचएमएस आहे, बावीस वर्षं प्रॅक्टिस करते. रात्री फोन आला की आधी मी फोन मुलाच्या तोंडाजवळ धरायला सांगते. मूल शांत असतानाही श्वासाला आवाज येतोय, बरगड्यांमध्ये खड्डे पडताहेत, ओठ निळसर दिसताहेत, लाळ गळतेय पण गिळता येत नाही, यातलं एकही असेल तर मी औषधाचं नाव घेतच नाही. १०८ लावा किंवा गाडी काढा, एवढंच सांगते. याबद्दल माझ्या व्यवसायातल्या काहींनी मला बोल लावले आहेत. लावू देत.

नौपाड्याची आई
स्टेरॉइड म्हटल्यावर सासूबाईंनी माझा हातच धरला. महिनोन्‌महिने घेणं वेगळं आणि हा एक डोस वेगळा, हे डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत बसवून समजावलं. अँटिबायोटिक मात्र दिलं नाही, विषाणूवर ते चालत नाही म्हणाले.

कोपरखैरण्याचा मामा
आमचा क्रूप नव्हताच. भाचा दुपारी शेंगदाणे खाताना ठसकला आणि तेव्हापासून घरघर. सर्दी नाही, ताप नाही. दोन दिवस गोळ्या चालू होत्या. एक्स-रेत दाणा दिसला नाही. शेवटी दुर्बिणीने काढला, अर्धा दाणा. सर्दीशिवाय अचानक घरघर सुरू झाली तर वाट पाहू नका, हात जोडून सांगतो.

धागाकर्ती
सगळं वाचलं. कोपरखैरण्याच्या दादांचं वाचून शेंगदाण्याचा डबा वरच्या फळीवर ठेवला, धाकटा आता दीड वर्षाचा आहे. होमिओपॅथीची डबी आईची म्हणून अजून कपाटात आहे. तिच्या झाकणाला आज आतून कागद चिकटवला : शांत असताना आवाज, खळगी, ओठ, लाळ. खाली १०८ आणि रिक्षावाल्या काकांचा नंबर.