भाचा ५५ किलोत खेळतो, तिसऱ्या फेरीत संपतो. ६० ला न्यावं का?

मंडळी, बॉक्सिंग किंवा कुस्ती जवळून पाहिलेल्यांचा सल्ला हवा आहे.

भाचा वीस वर्षांचा, अकोल्याचा, राज्य पातळीवर बॉक्सिंग खेळतो. एरवीचं वजन साडेअठ्ठावन्न. नव्या वजनगटांत ५५ नंतर थेट ६०, मध्ये काही नाही. त्यामुळे दर स्पर्धेआधी तेच: शेवटच्या आठवड्यात भात-पोळी बंद, आदल्या दिवशी पाणी बंद, प्लास्टिकचा सूट चढवून दोरीउड्या. ताईचा जीव टांगणीला लागतो तो वेगळाच.

वजन बसतं. पहिली फेरी त्याचीच असते. दुसरीच्या शेवटी उजवा हात हनुवटीवरून खाली घसरतो आणि तिसरीत ठोसा पोचतो पण लागत नाही. सरावात मात्र हाच मुलगा पोटभर जेवून सहा फेऱ्या स्पारिंग (सरावाची लढत) करतो, म्हणून दम कमी आहे हे मला पटत नाही. कोच म्हणतात, सगळं मनात आहे. २०१८ मध्ये मेरी कोमनं पोलंडला उतरल्यावर चार तासांत दोन किलो उतरवून सुवर्ण जिंकलं, हे ते दर वेळी ऐकवतात.

सकाळच्या वजनानंतर संध्याकाळपर्यंत अंगातलं पाणी भरून निघतं का? ६० मध्ये दीड किलोनं हलकं राहून खेळणं परवडेल का? शिवाय एकानं वजन झाल्यावर सलाईन लावायला सांगितलंय, चालतं का?

कॉर्नरवाला:
सलाईन अजिबात नको. उत्तेजकविरोधी नियमांत रुग्णालयातल्या उपचाराशिवाय १२ तासांत १०० मिलीपेक्षा जास्त शिरेतून घेता येत नाही. वजन उतरवायला घेतात त्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्याही बंदी असलेल्या यादीत आहेत.

आता हात का पडतो ते. पाणी तोडलं की रक्तातला पातळ भाग घटतो, मग तेवढ्याच कामाला हृदय जास्त धडधडतं. शिवाय स्नायूंत साठलेल्या प्रत्येक ग्रॅम साखरेसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. भात-पोळी बंद केल्यावर काटा झपाझप उतरतो तो त्यामुळेच. चरबी फारशी जात नाही, इंधन जातं. पाणी काही तासांत बरंचसं परत येतं, इंधनाला जवळपास दिवस लागतो. व्यावसायिकांचं वजन आदल्या दिवशी होतं. आपल्याकडे लढतीच्याच सकाळी, आणि जिंकलात तर पुढच्या लढतीच्या सकाळी पुन्हा. मेरी कोमचं उदाहरण खरं आहे, पण तो एका सकाळचा पराक्रम होता. कोचना २००८ ची ऑस्कर दे ला होया आणि मॅनी पॅकियाव या व्यावसायिक बॉक्सरांची लढतही आठवू दे. वरच्या गटांतून सात वर्षांनी १४७ पौंडांच्या गटात उतरलेला दे ला होया वजनाला १४५ भरला, म्हणजे मर्यादेहूनही दोन पौंड कमी. सावरायला दिवस मिळूनही त्याचे हात हलेनात, आठव्या फेरीनंतर तो स्टुलावरून उठलाच नाही.

शेवगावकर:
सगळं बरोबर, पण ६० मध्ये समोर ६३-६४ वरून उतरलेली पोरं येणार. उंची किती आहे त्याची? हात आखूड असतील तर तिथे मार खाईल.

धागाकर्ता:
पाच फूट सात. हात लांब आहेत.

अनघा_आहार:
मग आधी त्याच्या अंगावरची चरबी मोजून घ्या. उतरवण्यासारखी असेल तर स्पर्धेच्या दीड-दोन महिने आधीपासून आठवड्याला साधारण पाव-अर्धा किलो या गतीनं साडेछप्पनपर्यंत आणा. उरलेलं शेवटच्या दोन दिवसांत मीठ आणि चोथ्याचे पदार्थ कमी करून, रात्रीचं जेवण हलकं ठेवून बसवा. पाणी तोडू नका. पोटावर चरबीच्या घड्या पडत नसतील तर ५५ चा नाद सोडा.

वजन झाल्याबरोबर ओआरएस घोट घोट, एका दमात नाही. मग मऊ भात मीठ घालून, केळं, खजूर. तळलेलं काही नको, नवीन पदार्थ तर मुळीच नको.

कॉर्नरवाला:
आणि ठरवण्याआधी साठवाल्यांशी तीन-चार वेळा पूर्ण तीन फेऱ्यांचं स्पारिंग लावा, पोटभर जेवलेला असताना. तिसऱ्या फेरीत उजवा हात कुठे राहतो ते मोबाईलवर घ्या आणि कोचना दाखवा.

धागाकर्ता:
रविवारी लावतो. चरबी मोजायला अकोल्यात कुठे जावं, कुणाला माहीत आहे का?