माळ्यावरच्या रहस्यकथा : ठेवायच्या की रद्दीत घालायच्या?

खाडीकाठ (देवगड)

पावसाआधी कौलं चाळायची म्हणून माळा रिकामा केला, तेव्हा वडिलांची पत्र्याची ट्रंक खाली आली. आत साठेक जुन्या रहस्यकथा. वडील गिरणीत होते. मे महिन्यात गावी येताना एसटीत वाचायला दोन-तीन घ्यायचे आणि परत जाताना इथेच ठेवून जायचे. १९८२ च्या संपात गिरणी सुटली, तेव्हा ट्रंकही कायमची गावी आली. पुतण्या म्हणतो, भंगारवाल्याला द्या, घरभर कसर होईल.

माझं मत ठाम आहे : ही पुस्तकं जपायला हवीत. एक बाबूराव अर्नाळकरांचं हातात घेतलं. मुखपृष्ठावर पिस्तूल, हॅट, घाबरलेली बाई; लाल रंग अजून भडक. आतला कागद मात्र पोफळीच्या सुक्या झावळीसारखा, दुमडला की तुटतो. मलपृष्ठाच्या आत पेन्सिलीने नावांची आद्याक्षरं, एकाखाली एक, सात. म्हणजे हे पुस्तक वाडीतल्या सात जणांनी वाचलं. ज्यांना कोणी कधी वाचक म्हटलं नाही, त्यांना या पुस्तकांनी वाचायची सवय लावली.

रत्नदुर्ग (रत्नागिरी)

दादा, वडिलांची आठवण म्हणून ठेवा, त्याला कोण नाही म्हणेल? पण वडिलांवरच्या मायेचं श्रेय पुस्तकांना देऊ नका. अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. इतकं लिहिल्यावर तेच तेच येणारच. कित्येक कथानकं इंग्रजीवरून बेतलेली. आणि बायका? एक तर पळवून नेलेली, नाहीतर विष घालणारी. मी शाळेत असताना अशी वीस-पंचवीस वाचली, आज एकीचीही गोष्ट सांगता येणार नाही. आमच्या रत्नागिरीत १८२८ पासून नगर वाचनालय आहे. चांगलं वाचायला मिळत नव्हतं म्हणून लोक हे वाचत होते, असं नाही.

खाडीकाठ

ताई, वाचनालय रत्नागिरीत होतं. आमच्या वाडीतून तालुक्याला जायचं तर आधी होडीने खाडी ओलांडायची आणि मग एसटी, त्यात दिवस मोडायचा. वाचनालयाची अनामत भरणार कोण?

बेतलेली होती, मान्य. पण ती मुंबईत आणून बसवली होती, आणि ती मुंबई आमच्या घरातला बाप-भाऊ जिथे राबत होता ती. आईने मुंबई पाहिली नव्हती. गिरगाव, बंदर, टॅक्सी हे सगळं तिला या पुस्तकांतून माहीत. आणि भांडण कशावरून? वारसा, खोटं मृत्युपत्र, लुबाडलेली इस्टेट. सामायिक घराच्या वाटणीसाठी तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या चढणाऱ्या आमच्या माणसांना हे समजावून सांगावं लागत नव्हतं. कायद्याच्या हाती न लागणाऱ्या बदमाशाला अर्नाळकरांचा नायक काळा पहाड गाठायचा, तेव्हा वाचणाऱ्याला बरं वाटायचं. मी त्याला कमी लेखणार नाही.

बायकांचं म्हणाल तर झुंजार या त्यांच्या दुसऱ्या नायकाची जोडीदार विजया नुसती घाबरत बसत नाही, कामगिरीवर त्याच्याबरोबर असते.

शिवाय अर्नाळकर हे टोपणनाव. मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. अर्नाळा म्हणजे वसईजवळचं, आपल्याच किनाऱ्यावरचं.

वाशिष्ठी (चिपळूण)

मला दोघांशीही थोडं भांडायचंय. २२ जुलै २०२१ ला आमच्या घरात छातीपर्यंत पाणी होतं. आजोबांच्या अशाच पुस्तकांचं कपाट बुडालं. चौथ्या दिवशी उघडलं तर पुस्तकं नव्हतीच, एकसंध लगदा. पानं सोडवायला गेले तर बोटांना शाई लागली. म्हणून सांगते, घरी जपणं हे जपणं नव्हे. हा कागद स्वस्त, लाकडाच्या लगद्याचा. तो आपला आपणच आंबट होऊन पिवळा पडतो. त्यात आपली हवा. कसर बांधणीच्या खळीवर जगते. उन्हात घालू नका, पानं आणखी कडक होतात. सावलीत, वाऱ्यावर उघडी ठेवा, मऊ ब्रशने झटका, आणि प्रत्येक पानाचा फोटो काढा. मग सांभाळू शकेल अशा संग्रहाला देऊन टाका. ट्रंकेत परत ठेवलीत तर पुतण्याच बरोबर ठरेल.

रत्नदुर्ग

फोटो काढायला माझी हरकत नाही. वाक्यं तोकडी आणि पळती होती, तेही कबूल. मोठमोठ्या लेखकांना ते जमत नाही. पण एका विजयेवर माझा आक्षेप मिटत नाही. पुरुषांनी पुरुषांसाठी लिहिलेली पुस्तकं ती.

खाडीकाठ

लिहिली पुरुषांनी, खरं. पण त्या सात आद्याक्षरांत शेवटचं ‘सु’ आहे. ती माझी आत्या. चौथीत शाळा सुटली. आजी ओरडायची, ‘गो, ह्या काय वाचतंस?’ तरी भात शिजेपर्यंत चुलीच्या उजेडात वाचायची. ट्रंकेतल्या एकूणएक पुस्तकावर ‘सु’ आहे, वडिलांचं अक्षर काहींवर नाही.

वाशिष्ठीताई, परत ट्रंकेत ठेवत नाही. ओटीवर मांडलीत, फोटोही आजपासून सुरू.

रत्नदुर्ग

आत्या आहेत ना अजून? त्यांनाच विचारा, पुस्तकांतल्या त्या बायका त्यांना कशा वाटायच्या. त्या जे सांगतील ते मला खरंच ऐकायचंय.

खाडीकाठ

आहे, कणकवलीला लेकीकडे. डोळे अधू झालेत, कान शाबूत. रविवारी जातो. दोन पुस्तकं बरोबर नेतो, वाचून दाखवतो आणि विचारतो.