झांगीफ एवढ्या लांबून धरतो कसा? (आणि माझा झांगीफ नुसत्या उड्या का मारतो?)

गोंधळी_गडी:

मंडळी, रडगाणं आहे, पण प्रश्न खरे आहेत.

मी मूळचा टेक्केन या मारामारीच्या व्हिडिओ गेमचा. स्ट्रीट फायटर ६ आत्ता आत्ता घेतला, त्यातलं केन हे पात्र घेऊन खेळतो. सिल्व्हर रँकपर्यंत आलो आणि तिथे झांगीफ या पैलवान पात्राची रांगच लागली. तो जवळ येतो, एक फालतू जॅब (हलका झटपट पंच) मारतो, मी ब्लॉक करतो, आणि पुढच्या क्षणी मी डोकं खाली पाय वर असा त्याच्या मिठीत, दोघं गरगरत आकाशात. स्क्रू पाइलड्रायव्हर. असं चार-एक वेळा झालं की राउंड संपला.

टेक्केनमध्ये किंग हा पकडी मारणारा गडी समोर असला की मी त्याचे हात बघतो. डावा हात पुढे आला तर डावा पंच, उजवा आला तर उजवा, दोन्ही आले तर दोन्ही बटणं. त्याची जायंट स्विंग नावाची पकड डाव्या पंचाने दहातून सात वेळा तरी तोडतो. इथे लाइट पंच आणि लाइट किक एकत्र दाबायचं म्हणतात. साध्या थ्रोला (पकडीला) ते चालतं, पण झांगीफच्या या प्रकाराला ढिम्म फरक पडत नाही. माझं टायमिंग चुकतंय का?

दुसरं, हा माणूस अंतर मोजतो कशाने? कालच्या मॅचमध्ये आमच्या दोघांच्या मध्ये अख्खा माणूस उभा राहिला असता एवढी जागा होती. तरी ओढून घेतलं. चुंबक आहे का त्याच्या छातीत?

तिसरं, सूड उगवायचा म्हणून मीच झांगीफ घेतला. कीबोर्डवर. दिशा गोल फिरवून पंच दाबला की दहातून नऊ वेळा तो उडी मारतो आणि हवेत एकटाच पंच मारून परत येतो. समोरच्याला हसू येत असणार.

बटण_बडव्या:

सोपं आहे. झांगीफ दिसला की उडी मार. परत मार. मारत राहा.

गोंधळी_गडी:

केलं ते. तो दोन्ही हात पसरून भोवऱ्यासारखा फिरतो आणि मला हवेतूनच खाली काढतो.

लालचड्डी_पैलवान:

तो डबल लॅरिएट. बडव्याने अर्धंच सांगितलं, अर्ध्याने मार खाशील.

गड्या, मी स्ट्रीट फायटर ४ पासून या दाढीवाल्याशिवाय दुसरं कोणी घेतलेलं नाही, त्यामुळे जरा लांबण लागेल. चहूबाजूंनी शिव्या खायची सवय आहे, तूही दे.

पहिली गोष्ट म्हणजे टेकचा, म्हणजे बटणं दाबून पकड तोडण्याचा, नाद सोड. तुझं टायमिंग चुकत नाहीये. स्क्रू पाइलड्रायव्हर हा कमांड थ्रो (दिशा फिरवून काढलेली खास पकड) आहे आणि या गेममध्ये कमांड थ्रोला टेक हा प्रकारच नाही. मॅनॉन हे पात्र ज्या थ्रोवर पदकं वाढवत जाते तोही तसाच. एकदा पकड बसली की कंट्रोलर खाली ठेवून पाणी पिऊन ये.

हात बघायची सवय इथे का मरते ते आकड्यांत बघ. गेम सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) चालतो. स्क्रू पाइलड्रायव्हर पाचव्या फ्रेमला लागतो, म्हणजे बटण दाबल्यापासून साधारण ८३ मिलिसेकंद. डोळ्यांनी बघून बोट हलायला चांगल्या माणसालाही २०० मिलिसेकंदांच्या वर लागतात, म्हणजे १२ फ्रेमच्या पुढे. तुला त्याचे हात हलताना दिसतात तोवर तू कधीच पकडला गेलेला असतोस. टेक्केनवाले पकड बसल्यावर ती सोडवतात. इथे ती बसायच्या आधी तिथून नाहीसं व्हायचं असतं.

आता चुंबक. हा मला फार आवडणारा भाग आहे.

गेमला हात दिसतच नाहीत. प्रत्येक पात्राच्या अंगावर अदृश्य चौकटी असतात. झांगीफने पंच दाबला की पाचव्या फ्रेमला त्याच्या पुढे थ्रोची चौकट उघडते. ती तुझ्या अंगाच्या चौकटीला शिवली का, तू जमिनीवर आहेस का, ब्लॉक करण्यात किंवा मार खाण्यात अडकलेला नाहीस ना, एवढंच तपासलं जातं. उत्तर जुळलं की थ्रो लागला. हिशेब तिथे संपतो. हात लांब होणं, मान पकडणं, छातीशी ओढणं हे सगळं त्यानंतर काढलेलं चित्र. दोघांना एका जागी आणल्याशिवाय पुढचं अ‍ॅनिमेशन चालणार नाही, म्हणून गेम तुला सरकवून त्याच्या कवेत बसवतो. तुला ओढलं म्हणून पकडलं असं वाटतं. घडतं उलटं.

त्यात लाइट, मीडियम, हेवी असा फरक आहे. लाइट पंचाने केलेला सगळ्यात लांब पोचतो आणि त्याचं डॅमेज सगळ्यात कमी. हेवीने केलेला हाडं मोडतो, पण त्याला जवळ यावं लागतं. तुझी ती ‘अख्खा माणूस मावेल’ एवढी जागा लाइटची असणार. आणखी एक. रिप्ले उघडून बघ, त्या क्षणी तूच किक मारायला पुढे सरकला होतास का. केनच्या बऱ्याच किका त्याला स्वतःलाच पुढे नेतात. आमचं अर्धं काम तुम्ही करून देता.

आता सुटायचं कसं. ब्लॉक करत असताना थ्रो लागत नाही, आणि ब्लॉक संपल्यावरही काही फ्रेम लागत नाही. म्हणून मी जॅब मारतो, तू ब्लॉक करतोस, आणि मला क्षणभर थांबावंच लागतं. घाईने दाबलं तर माझे हात हवेत मिठी मारतात, आणि हुकलेला स्क्रू पाइलड्रायव्हर इतका वेळ चालतो की तू सावकाश विचार करून सगळ्यात मोठा कॉम्बो (सलग मारांची माळ) लावू शकतोस. त्या क्षणभराच्या फटीत तुझं घर आहे. तुझी सगळ्यात जलद जॅब चौथ्या फ्रेमला लागते, माझी पकड पाचव्या. दोघांनी एकदम दाबलं तर तू जिंकतोस. उडीची सुरुवात झाली की थ्रो लागत नाही. बॅकडॅशलाही (झटकन मागे सरकण्याला) लागत नाही.

मग मी काय करतो? तू जॅब दाबणार हे दोनदा दिसलं की तिसऱ्यांदा मी पकडतच नाही. त्या फटीत आणखी एक मार ठेवतो, तुझी जॅब निघायच्या आत तो लागतो. उडी मारणार असशील तर लॅरिएट. बॅकडॅश मारत असशील तर लांब पोचणारी लाथ. घाबरून ड्राइव्ह इम्पॅक्ट (चिलखत असलेला जोरदार मार) दाबलास तर माझ्यासारखा सुखी माणूस नाही, कारण त्याचं चिलखत माराला पुरतं, पकडीला नाही. ड्राइव्ह पॅरी (मार अडवणारं बटण) धरून बसलास तरी तेच.

म्हणजे मी जॅब मारून थांबतो तेव्हा पकड यायचीच असते असं नाही. ती येईल या धास्तीने तू काय दाबतोस ते मी बघत असतो. नव्या लोकांशी खेळताना सगळ्यात त्रास कोण देतो माहितेय? काहीच न दाबणारा. त्याला पकडावंच लागतं, आणि पकड कमवायला मला अख्खा स्टेज चालत यावं लागतं, तोंडावर फायरबॉल खात. झांगीफला ११००० लाइफ दिलीय, बाकी बहुतेकांना १००००. ती जादाची हजार या चालण्यातच जाते.

तेव्हा खरा उपाय जॅबच्या आधीचा आहे. मला जॅबच्या अंतरात येऊ देऊ नकोस. पाठ भिंतीला लागू देऊ नकोस. आणि आलोच, तर दर वेळी एकच उत्तर देऊ नकोस.

उड्यांचं रात्री लिहितो, हात दुखतोय.

फ्रेम_मोजणी:

पैलवानाने सगळं नीट सांगितलंय, एकाच ठिकाणी थोडं वाकडं लावतो. ‘काहीच न दाबणारा त्रास देतो’ हे खरं असेल, पण सिल्व्हरमधल्या माणसाला ते सांगू नका, तो तसाच बसून चार पकडी खाईल.

त्यापेक्षा ट्रेनिंग मोडमध्ये डमी म्हणून झांगीफ ठेव. एका स्लॉटमध्ये जॅब आणि स्क्रू पाइलड्रायव्हर रेकॉर्ड कर, दुसऱ्यात जॅब, थोडी फट, परत जॅब. दोन्ही आलटून पालटून कसेही येऊ देत आणि तू फक्त सरळ वर उडी मारायचा सराव कर. पकड हुकली तर खाली येताना पूर्ण कॉम्बो. जॅब लागली तर एक जॅब लागली, आभाळ कोसळत नाही.

ऑनलाइनमध्ये आणखी एक भानगड असते. समोरच्याचं बटण तुझ्यापर्यंत उशिरा पोचतं आणि रोलबॅक (नेटचा उशीर झाकायची गेमची पद्धत) मधल्या फ्रेम गिळून टाकतो. त्या पाचातल्या दोन-तीन तुला दिसतच नाहीत. ‘काही केलंच नाही आणि धरलं’ असं वाटण्याचं अर्धं कारण हेच.

आणि सगळेच झांगीफ गोल फिरवत नसतात. मॉडर्न कंट्रोल्सवाल्याला (सोप्या बटणांच्या पद्धतीने खेळणाऱ्याला) ते न फिरवताही निघतं. शॉर्टकटने काढलेल्या स्पेशलचं डॅमेज २० टक्के कमी होतं, पण सिल्व्हरमध्ये तेवढं परवडतं.

लालचड्डी_पैलवान:

मॉडर्नवाल्यांबद्दल मी काही बोलणार नाही. माझ्या डाव्या अंगठ्यावर २००९ साली आलेला फोड सगळं बोलतो.

उड्या. ३६० असं लिहिलेलं असतं म्हणून सगळे पूर्ण गोल मारतात. पूर्ण गोल लागत नाही. पुढे, खाली, मागे, वर अशा चार मुख्य दिशा ओळीने लागल्या की पुरे, म्हणजे पाऊण गोल. तिरप्या दिशा चुकल्या तरी चालतं. कीबोर्डवर उलट सोपं आहे, चार बोटं ओळीने खाली येऊ देत, टेबलावर बोटं वाजवतो तशी, आणि शेवटच्या ‘वर’ला चिकटून पंच.

‘वर’ लागलं की झांगीफ लगेच हवेत जात नाही. आधी चार-पाच फ्रेम गुडघे वाकवतो. तेवढ्यात पंच आला तर गेम उडी रद्द करून पकड काढतो. उशीर झाला की पाय सुटले. तुझा पंच उशिरा पडतोय, बाकी काही नाही.

खरी युक्ती म्हणजे गोल उभ्याने फिरवायचाच नाही. आधी जॅब मार. जॅबचा हात पुढे गेलेला असताना ‘वर’ दाबलं तरी उडी निघू शकत नाही, हात परत यायचाय अजून. त्या वेळात चारही दिशा मारून घे आणि जॅब संपली की पंच. समोरच्याला फक्त जॅब दिसते. उडी मारून खाली येताना हवेतही गोल फिरवून ठेवता येतो. सुपर आर्ट ३ ला, म्हणजे त्याच्या सगळ्यात मोठ्या पकडीला, असे दोन फेरे, म्हणजे ७२०, लागतात. ते उभ्याने काढणारे लोक आहेत. मला दहातून तीनदा जमतं आणि त्या तिन्ही वेळा मी खुर्चीतून उठतो.

गोंधळी_गडी:

चार दिवसांनी लिहितोय.

आधी रिप्ले बघितला. पैलवान, किकच होती. मीडियम किक दाबून मी स्वतःच चालत गेलो होतो त्याच्याकडे. चुंबकाचे शब्द मागे घेतो.

मग ट्रेनिंगमध्ये डावीकडे बटणांची यादी येते ती लावली. प्रत्येक बाणाशेजारी तो किती फ्रेम धरला होता ते दिसतं. माझ्या ‘वर’च्या बाणाशेजारी ९, कधी ११. तोवर झांगीफ ढगात. पहिल्या दिवशी तो आकडा ६ वर आणला, दुसऱ्या दिवशी ३. आज जॅबच्या पोटात लपवून दहातून सात निघाले. कीबोर्डची डब्ल्यू आता खडखडते.

फ्रेम_मोजणीचा सराव पण केला. अजून दोन्हींत फरक ओळखता येत नाही, पण सरळ वर उडी मारून खाली येताना तो हवेला मिठी मारून उभा आहे हे दृश्य फार सुंदर असतं.

काल केन घेऊन एका झांगीफशी तीन मॅच झाल्या. दोन हरलो. तिसरीत त्याने जॅब मारली, थांबला, मी पण थांबलो, तो परत थांबला. कोणीच काही दाबेना. मग त्याने जॅब मारली आणि मी घाबरून ड्राइव्ह इम्पॅक्ट दाबला.

लालचड्डी_पैलवान:

आणि?

गोंधळी_गडी:

आणि आकाशात गेलो. पण त्याचं लाइफ तोवर एवढुसंच उरलं होतं, उठताना ड्रॅगन पंच (केनचा वर उसळणारा पंच) मारला, लागला. नशीब. रीमॅचला तो आला नाही.

बटण_बडव्या:

मी म्हटलं होतं, उडी मार.