पोलिसांनी ऐकवलेली क्लिप खोटी निघाली, दिराच्या जबाबाचं काय? (मदत हवी आहे)

सायलीची_आई:
घाईत लिहितेय. काल दिराला ठाण्यात बोलावलं होतं. साहेबांनी मोबाईलवर त्याच्या मित्राचा आवाज ऐकवला, "चोरी आम्ही दोघांनी केली, दादा." दीर तिथेच गळपटला, सगळं बोलून बसला. घरी येऊन मित्राला फोन केला, तर तो म्हणतो, मला अजून कुणी बोलावलंच नाही! आवाज हुबेहूब त्याचा. पण तो ह्याला जन्मात दादा म्हणाला नाही, बाळ्या म्हणतो. आणि 'चोरी'तला च हिंदीतल्यासारखा. पोलिसांना एआयने असं करता येतं का? जबाब रद्द कसा करायचा?

निवांत_नाना:
ताई, हे पोलीस नव्हेतच. डिजिटल अरेस्टवाले. माझ्या साडूला असंच

सायलीची_आई:
अहो, ठाण्यात गेला होता तो. खरं ठाणं!

काळा_कोट:
साक्षीदार म्हणून बोलावलं की आरोपी? गुन्हा दाखल आहे का? सही घेतली का?

सायलीची_आई:
कंपनीच्या गोदामातली तांब्याची केबल. नोटीस देऊन सोडलं. सह्या घेतल्या, कशावर ते त्याला माहीत नाही.

काळा_कोट:
आरोपीने पोलिसांसमोर दिलेली कबुली त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, साक्ष अधिनियमाचं कलम 23. तपासातल्या जबाबावर सही घ्यायचीच नसते. तेव्हा 'रद्द' करायचं काही नाही.

रॉटरडॅमकर:
इथे डच पोलिसांनी 2022 मध्ये डीपफेक उघडपणे वापरला. 2003 साली मारल्या गेलेल्या 13 वर्षांच्या मुलाला व्हिडिओत परत उभं केलं, घरच्यांच्या संमतीने. कुणीतरी माहिती द्यावी म्हणून. तंत्र वाईट नसतं हो.

खडूस_मास्तर:
ते आवाहन होतं, हा सापळा आहे. अमेरिकेत पोलीस तोंडी खोटं बोलले तर चालतं, पण 1989 मध्ये फ्लोरिडाच्या कोर्टाने बनावट लॅब रिपोर्ट दाखवून घेतलेली कबुली बाद केली. बनावट क्लिप त्याच जातीची.

काळा_कोट:
मास्तर, फ्लोरिडा इथे चालत नाही. आपल्या कलम 22 प्रमाणे कबुली एरवी ग्राह्य असेल, तर निव्वळ फसवून घेतली म्हणून ती बाद होत नाही.

खडूस_मास्तर:
म्हणजे पोलिसांनी काहीही बनवावं?

काळा_कोट:
तसं म्हटलं का मी? ती क्लिप पुरावा म्हणून कोर्टात आणली, तर खोटा पुरावा रचण्याचं कलम लागतं. नुसती ऐकवली, तर थेट कलम नाही, हीच पंचाईत.

मी_पुणेरी:
सेल्वी निकाल वाचा, 2010. संमतीशिवाय नार्को करता येत नाही.

निवांत_नाना:
नार्को कुठून आलं मध्येच?

काळा_कोट:
ताई, ठाण्यातलं सीसीटीव्ही आवाजासकट हवं असा सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा आदेश आहे. फुटेज जपून ठेवायला वकिलामार्फत आजच अर्ज करा, क्लिप वाजवल्याचा तोच पुरावा. आणि एक सांगा, दिराने काही काढून दिलं का?

सायलीची_आई:
हो, ते राहिलंच. त्यांच्याबरोबर जीपमधून गेला आणि गोदामामागच्या शेडमधून दोन बंडलं दाखवली. पंच होते, त्या सह्या बहुतेक त्याच.

काळा_कोट:
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं होतं! ताब्यातल्या आरोपीच्या सांगण्यावरून मुद्देमाल सापडला, की कबुलीतला तेवढा भाग ग्राह्य धरतात. तेव्हा तो ताब्यात होता की नव्हता, ह्यावर आता वकिलाला भांडावं लागेल.

सायलीची_आई:
पण क्लिप खोटी होती ना?