पॅनल गॅपला मराठीत काय लिहायचं? फट चालेना

म्हापसेकर
गॅरेजात १९६७ची फियाट डिलाइट उभी आहे. पत्र्याचं काम होत आलं, आता दारं, फेंडर, बॉनेट जुळवायची पाळी, म्हणजे शेजारशेजारच्या पत्र्यांमधली मोकळी जागा (पॅनल गॅप) सारखी करायची. मालकांना सगळी नोंद मराठीत हवी आहे. मी लिहिलं, 'मागचं दार, मागची फट : वर ३ मिमी, खाली ६'. आमचे मेस्त (मिस्त्री) काणकोणचे. वाचून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हांगा फट कित्याक बरयल्या?" (इथे फट कशाला लिहिलंय?) कोकणीत फट म्हणजे खोटं, हे मला ठाऊक आहे, पण कागद त्यांच्याही हातात राहणार, तर दोघांना चालेल असा शब्द हवा. दुसरं असं की फट सगळीकडे सारखी असूनही एक पत्रा दुसऱ्याच्या वर किंवा आत राहतो. तो 'फ्लश' करणे याला काय म्हणायचं?

शब्दवेल्हाळ
तांत्रिक नोंद आहे, तर शब्दही नेमके हवेत. 'फलकांतर' आणि 'समपातळी'. हे शब्द आज परके वाटतील, वापरले की रुळतील. दर वेळी गॅप, फ्लश म्हणून मोकळं व्हायचं ठरवलं तर यंत्रांबद्दल मराठीत लिहायची ताकद कधी येणार?

मडगावचा पत्रेवाला
फलक म्हणजे बोर्ड, रस्त्याकडेचा. गाडीच्या दाराला फलक म्हणताना मी कोणाला ऐकलेलं नाही. आमच्याकडे गॅप आणि लेव्हल चालतं, ते गोव्यातल्या सगळ्या गॅरेजांत कळतं.
शब्द राहू दे बाजूला, वर ३ खाली ६ म्हणजे दार उतरलंय. मागची कड खाली आली की दार वरून मागे सरकतं आणि खालून पुढे. दार अर्धं उघडा, कडेला धरून वर उचलून बघा. खुळखुळलं तर बिजागरीची पिन झिजली आहे, आधी ती बदला. पिन ठीक असेल तर खालच्या बिजागरीमागे पातळ पत्री घाला, कड वर येते.

फोंडा_बांधकाम
आम्ही चिऱ्यांच्या मधल्या जागेला दरज म्हणतो. भिंत उभी राहिली की या दरजा भरून घेतात. शब्द मूळ फारसी, 'दर्ज़' म्हणजे शिवण. कपडे शिवणारा दर्जी तो त्यावरूनच. दोन पत्र्यांच्या मधली शिवण म्हणून दरज मला अगदी चपखल वाटतो.

मडगावचा पत्रेवाला
दरज भरायची असते. गाडीची गॅप मोकळी राहायला हवी, नाहीतर दार उघडताना रंग उडेल. भरण्याचा अर्थ चिकटलेला शब्द इथे नको.

शब्दवेल्हाळ
म्हणजे फारसी चालेल, इंग्रजी चालेल, संस्कृतातून घडवलेला तेवढा नको!

आसगावची
बिजागरी शब्द वर सगळ्यांनी बिनतक्रार वाचला. तो पोर्तुगीज 'बिसाग्रा'वरून आला. मिस्त्री 'मेश्त्र'वरून, आमचा मेस्तही त्यातलाच. चावी, घमेलं तिकडूनच. आशियातल्या भाषांत गेलेल्या अशा शब्दांचा कोश १९१३ साली काढणारे दालगादो आमच्या आसगावात जन्मले. हे शब्द कोणा समितीने ठरवले नाहीत, काम करणाऱ्यांच्या तोंडून आले. शब्द मेस्तांनाच विचारा ना.

म्हापसेकर
विचारलं. ते नाव सांगतच नाहीत. "दार बसना", "हांगा लागता", "पत्रो भायर आयला" एवढंच.

आसगावची
मग तसंच लिहा! मराठीतही दार बसतं, उतरतं, घासतं, कडेला लागतं. नामाचा हट्ट तक्त्याच्या रकान्यापुरता आहे.

शब्दवेल्हाळ
क्रियापदांनी मिलिमीटर कसे लिहिणार? 'वर ३ बसतं'? मोजायचं असेल तर त्या जागेला नाव लागतंच. 'सांध' तरी घ्या, कोकणीभाषकालाही कळेल.

फोंडा_बांधकाम
सांधा म्हणजे जोडलेलं. इथे जोडायचंच नाहीये.

मडगावचा पत्रेवाला
म्हापसेकर, एक महत्त्वाचं राहिलं. गाडी जॅकवर ठेवून दारं जुळवू नका. फियाटला वेगळी चासी नाही, बॉडीच वजन पेलते. चाकांवर उतरवली की बॉडी थोडी दबते आणि जुळवलेली दारं घासायला लागतात. मागच्या दारापासून सुरुवात करा, कारण त्याच्या मागचा पत्रा वेल्ड केलेला असतो, तो हलत नाही. त्याला धरून मागचं दार, मग पुढचं दार, मग फेंडर, बॉनेट शेवटी. रबर लावूनच बघा, नवं बीडिंग दार बाहेर ढकलतं आणि लेव्हल बिघडते. आणि प्राइमर, रंगाचे थर दोन्ही कडांवर चढतात, तेव्हा पत्र्यावर गॅप थोडी जास्त ठेवा.

वास्कोहून
हा क्रम डुक्कर फियाटला, म्हणजे १९५०च्या दशकातल्या जुन्या फियाटला, चालेल का? आमच्याकडे एक आहे, तिचं पुढचं दार उलटं उघडतं.

मडगावचा पत्रेवाला
तिची दोन्ही दारं मधल्या खांबावर टांगलेली. आधी तो खांब ओळंब्यात आहे का बघा, खाली गंजून तो बसलेला असतो. खांब वाकडा असेल तर पत्र्या घालून काही होणार नाही, तळ कापून नवा पत्रा जोडावा लागेल.

शब्दवेल्हाळ
ओळंबा! हा शब्द तुम्ही गॅरेजात खरंच वापरता?

मडगावचा पत्रेवाला
वापरतो. खांबाचा तळ मॅटखाली दिसत नाही, वास्कोवाल्यांनी मॅट काढून फोटो टाकावा.