मदत हवी आहे: सायकलनंतर धावताना पोटरीत गोळे येतात
नमस्कार मंडळी, मी फोंड्याचा, हाफ आयर्नमॅनची तयारी करतोय म्हणजे १.९ किमी पोहणं, ९० सायकल, मग २१.१ धावणं. मिरामारला पोहणं आता जमतंय पण सायकलवरून उतरून धावायला लागलो की चौथ्या-पाचव्या किलोमीटरलाच पोटऱ्यांत गोळे येतात आणि चालावंच लागतं, नुसतं धावलो तर १५ किमी काही होत नाही. इथल्या दमट हवेत घाम वाळतच नाही, अंग थंड होणार कसं! मीठ-लिंबूपाणी तासाला अर्धा लिटर घेतो, कमी पडतंय का? की सायकलच जास्त जोरात मारतोय? मला तेच वाटतंय, बोरीच्या चढावर पल्स १७०च्या वर जातो. तुम्ही आठवड्यातून किती वेळा सायकल आणि रन जोडून करता? प्लीज सांगा, मनापासून पूर्ण करायचीय ही रेस.